उतारशाळेचा रखवालदार

(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त भरलेल्या परिचारिका, रुग्ण व रुग्णांचे आप्त ह्यांच्या मेळाव्यात प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या निमित्ताने आपल्या धर्मग्रामात गेले कित्येक दिवस आनंदाची गर्दी उसळली आहे. देवळाला नवा रंग लागला, मुलांच्या शर्यती झाल्या, वडीलधाऱ्या मंडळींचे सत्कार झाले. हे सर्व योग्यच झाले. परंतु ज्या घरी समारंभ चालू असतो, त्याच घराच्या मागल्या खोलीत पुष्कळदा कोणी आजारी माणूस अंथरुणावर पडलेले असते, आणि पाहुण्यांची सरबराई करता करता घरची सून मधूनच उठून त्याला पाणी पाजून येते. आजची ही सभा म्हणजे आपल्या महोत्सवाने त्या मागल्या खोलीत टाकलेले पाऊल होय. येथे परिचारिका भगिनी व बंधू आले आहेत, काही रुग्ण आले आहेत, आणि ज्यांच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही ते रुग्णांचे आप्तही आले आहेत. माझे आजचे चार शब्द विशेषेकरून ह्या तिसऱ्या मंडळींविषयी आहेत. आणि ते परिचारिकांनी आपल्या कामाच्या दृष्टीने ऐकावेत अशी माझी विनंती आहे.

दयाळू शोमरोन्याचा दाखला आपणांस लहानपणापासून ठाऊक आहे. यरुशलेमेहून यरीहोकडे उतरणारा एक वाटसरू लुटारूंच्या हाती सापडला. याजक त्याला पाहून बाजूने निघून गेला, लेवीही निघून गेला, आणि परका मानलेला शोमरोनी मात्र थांबला. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या बांधल्या, त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवले आणि उतारशाळेत नेले. येथपर्यंतची गोष्ट आपण मन लावून सांगतो व ऐकतो, आणि मग आपले लक्ष उडते. पण गोष्ट तेथे संपत नाही. दुसऱ्या दिवशी त्या शोमरोन्याला आपल्या वाटेने पुढे जावयाचे होते. त्याने उतारशाळेच्या रखवालदाराच्या हाती दोन नाणी ठेवली. त्या काळच्या हिशेबाने ती दोन दिवसांची मजुरी. अधिक खर्च झाल्यास परत येताना देईन, असे वचन देऊन तो निघून गेला.

आता विचार करा. त्यानंतर त्या घायाळ माणसाच्या उशाशी रात्री कोण बसले असेल? जखमेचे फडके कोणी बदलले असेल? तापाच्या भरात तो ओरडला तेव्हा दिवा घेऊन कोण धावले असेल? शुभवर्तमान त्या रखवालदाराचे नाव सांगत नाही, त्याची स्तुतीही करीत नाही. माझ्या मते तोच आपल्या परिचारिकांचा पूर्वज होय. वाटेवरचा उपकार एका घटकेचा असतो. उतारशाळेतली रात्र फार लांब असते.

दाखल्यातील याजकाविषयी मात्र मी जपून बोलतो, कारण त्याचे व माझे नाते आहे. ते कसे, हे आज तुमच्यापुढे सांगणे मला भाग आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. चाकणच्या बाजूला एका कारखान्याच्या छपराचे पत्रे बदलण्याचे काम चालू असताना एक तरुण मजूर वरून खाली पडला. तो मूळचा मराठवाड्यातला, आपल्याच श्रद्धेचा; बायको व चार वर्षांची मुलगी ह्यांना घेऊन भाड्याच्या एका खोलीत राहणारा. डोक्याला जबर मार लागला होता. रात्री अकराच्या सुमारास मला फोन आला. पवित्र तेल घेऊन मी रुग्णालयात गेलो, अतिदक्षता विभागात त्याला तैलाभ्यंगाचा संस्कार दिला, प्रार्थना म्हटल्या, आणि कर्तव्य नीट पार पडले अशा समाधानाने बाहेर आलो. दाराबाहेर भिंतीला टेकून एक बाई फरशीवर बसली होती. मांडीवर मुलगी झोपली होती. ती त्याची पत्नी, हे मला ठाऊक होते. मी तिच्या मस्तकावर हात ठेवला, देवावर भरवसा ठेव असे म्हणालो, आणि जिना उतरून खाली आलो. सकाळी लवकर मिस्सा होता. मला झोप हवी होती.

तिसऱ्या दिवशी तो मनुष्य देवाघरी गेला. महिन्याभराने त्याची पत्नी मुलीला घेऊन माझा निरोप घेण्यास आली, कारण ती कायमची गावी निघाली होती. माझी तक्रार करावी असा तिचा हेतू मुळीच नव्हता. बोलण्याच्या ओघात सहज ती म्हणाली, “फादर, त्या रात्री तुम्ही गेल्यावर एक सिस्टर बाहेर आल्या. माझ्याशेजारी खाली फरशीवर बसल्या. म्हणाल्या, ताई, काही खाल्लंत का? मी आदल्या दिवसापासून काही खाल्लं नव्हतं. त्यांनी आपल्या डब्यातली पोळी-भाजी मला दिली, पोरीला दूध आणून दिलं. मग म्हणाल्या, आत ती यंत्रं वाजतात त्यांना भिऊ नका, त्यांचा प्रत्येक आवाज वाईट नसतो. मग मला आत नेलं, ह्यांचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, बोला त्यांच्याशी. उत्तर आलं नाही तरी बोला. मी बोलले, फादर. जे बोलायचं राहिलं होतं ते सगळं बोलले.”

असे म्हणून तिने पिशवीतून एक खण काढला. त्या सिस्टरला देण्यासाठी तिने तो आणला होता. पण रुग्णालयात जाऊनही तिची भेट झाली नव्हती. तुम्हांला कधी भेटल्या तर द्या, असे म्हणून तो माझ्या हाती ठेवून ती गेली. मी पुढे चौकशी केली, तेव्हा ती परिचारिका तेथील नोकरी सोडून गेल्याचे कळले. तो खण अजून माझ्या कपाटात आहे.

बंधुभगिनींनो, त्या रात्री तेल माझ्याजवळ होते आणि भाकर तिच्याजवळ होती. मी याजक. दाखल्यातल्या याजकासारखाच मीही पाहून निघून गेलो. फरक एवढाच की जाताना आशीर्वाद देऊन गेलो. मी रुग्णाकडे गेलो होतो खरा, परंतु त्या रुग्णालयात त्या रात्री दोन रुग्ण होते, एक खाटेवर आणि एक दाराबाहेर फरशीवर. दुसरा रुग्ण मला दिसला नाही. एका परिचारिकेला तो दिसला.

आपल्या मराठी भाषेने ह्या कामाला शुश्रूषा असे नाव दिले आहे. हा शब्द आपण सहज वापरतो, पण त्याच्या पोटात केवढा अर्थ आहे पहा. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे, ह्या संस्कृत धातूपासून तो झाला, आणि त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. गुरूचे ऐकण्याची इच्छा, त्यावरून गुरूची सेवा, आणि पुढे त्यावरून आजाऱ्याची सेवा, असा त्या शब्दाचा प्रवास झाला. तात्पर्य, आपल्या पूर्वजांच्या मते सेवेचा आरंभ हातापासून होत नाही, कानापासून होतो. औषध देणे, नाडी पाहणे, पट्टी बांधणे ही सर्व शुश्रूषाच. पण ज्याचे ऐकून घेण्याची इच्छाच नाही त्याची केलेली सेवा ही, शब्दाच्या मूळ अर्थाने, शुश्रूषा होत नाही. “काही खाल्लंत का?” हा प्रश्न वैद्यकाच्या कोणत्याही तक्त्यावर लिहिलेला नसतो. तो ज्याला ऐकावयाचे आहे त्यालाच सुचतो.

येथे कोणी म्हणेल की, फादर, ही भावनेची गोष्ट झाली. रोग बरा होतो तो औषधाने व शिस्तीने. औषधाची थोरवी पिंपरीकरांना कोणी सांगावयास नको. १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि येथले पेनिसिलीन देशभर जाऊ लागले. त्या औषधाने किती जीव वाचवले असतील ह्याची गणती कोणी करावी? परंतु औषध व शिस्त ह्यांतून करुणा वजा केली तर काय उरते, ह्याचे उत्तरही आपल्याच गावाच्या इतिहासात लिहिलेले आहे. चिंचवडच्या चापेकर चौकातून आपण नित्य जातो. त्या नावामागची हकीकत शुश्रूषेच्या दृष्टीने एकदा आठवून पाहू.

१८९७ सालच्या आरंभी पुण्यात प्लेगने कहर केला. सरकारने साथ आवरण्यासाठी रँड नावाच्या अधिकाऱ्याला नेमले. मार्च महिन्यात गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरोघर शिरून झडती घेऊ लागल्या. आजारी सापडला की त्याची रवानगी प्लेगच्या रुग्णालयात, आणि घरच्या धडधाकट माणसांची रवानगी गावाबाहेरच्या वेगळ्या छावणीत. रोग पसरू नये हा हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. आजाऱ्यांना वेगळे ठेवणे हे तेव्हाही शास्त्राला धरून होते आणि आजही आहे. परंतु स्वयंपाकघरात व देवघरात बुटांनिशी शिरलेले शिपाई, स्त्रियांची झालेली अवहेलना, रस्त्यावर फेकलेले व जाळलेले सामान, ह्यांची दाद कोणी घेतली नाही. ज्यांच्या घरचे माणूस उचलून नेले त्यांना विश्वासात घेऊन दोन शब्द सांगावेत, त्यांचे दोन शब्द ऐकावेत, ह्याची गरज त्या व्यवस्थेला वाटली नाही. त्या वर्षी २२ जूनच्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना, गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड ह्यांच्यावर व आयर्स्ट नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. आयर्स्ट जागीच ठार झाले, रँड काही दिवसांनी वारले. आणि त्या प्रकरणाच्या ओघात मूळचे चिंचवडचे तिघे चापेकर बंधू १८९८ व १८९९ साली फासावर गेले. ह्या घटनेला राजकीय अंगेही होती. त्यांचा न्याय करण्यास मी येथे उभा नाही. मनुष्यहत्येचे समर्थन करणे तर माझ्या धर्माला मान्यच नाही. परंतु रुग्णाला वाचवण्यासाठी निघालेली व्यवस्था रुग्णाच्या घरच्यांना कस्पटासमान लेखू लागली की लोकांना रोगापेक्षा तिचेच भय अधिक वाटू लागते, एवढा धडा त्यातून घेण्यास कोणाची हरकत असू नये.

त्याच साथीत, झडत्या सुरू होण्याच्या थोडे आधी, पुण्याजवळच दुसरी एक गोष्ट घडली. सावित्रीबाई फुले ह्यांचे पुत्र डॉक्टर यशवंत ह्यांनी हडपसरच्या बाजूला माळरानावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला होता. मुंढव्यात एक मूल प्लेगने आजारी असल्याचे सावित्रीबाईंना कळले. वय सहासष्ट वर्षांचे, पती निवर्तलेले, हाताखाली शिपाई नाहीत. त्यांनी ते मूल पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. मूल वाचले, सावित्रीबाईंना मात्र रोगाने गाठले, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या निधन पावल्या.

ह्या दोन चित्रांत रोग एकच आहे, वर्ष एकच आहे, आणि दोन्हींत आजाऱ्याला घरातून हलवून उपचाराच्या जागी नेलेच आहे. मग भेद कोठे आहे? एकीकडे आजाऱ्याला उचलून नेले, दुसरीकडे पाठीवर घेतले. बाहेरून पाहिले तर कृती जवळजवळ एक; परंतु त्या मुलाच्या घरच्यांना आपले मूल हिरावून नेले असे वाटले नसेल, कोणीतरी आपला भार उचलला असेच वाटले असेल. परिचारिका भगिनींनो, तुमच्याही हाती रोज हीच निवड असते. नियमाप्रमाणे आप्तांना बाहेर काढणे तुम्हांला अनेकदा भाग पडते. “बाहेर व्हा” असे म्हणूनही ते करता येते, आणि “अर्ध्या तासाने मी स्वतः येऊन सांगते” असे म्हणूनही करता येते. नियम दोन्हीकडे सारखाच पाळला जातो.

आता आपल्या आजच्या परिस्थितीकडे वळू. पिंपरी, भोसरी, आकुर्डी येथे कारखाने आले, त्यांच्यामागून चाकणचा पट्टा वाढला, आणि येथे पोटासाठी माणसे आली. नगर व जालन्याच्या बाजूची आली, विदर्भातली आली, बिहार व ओडिशाची आली. केरळातून आलेल्या कित्येक मुली येथल्या रुग्णालयांतून परिचारिका म्हणून झटत आहेत. महापालिकेने १९८९ साली पिंपरीत यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय सुरू केले. मोहननगरला कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे, चाकणला ग्रामीण रुग्णालय आहे, शिवाय खासगी रुग्णालये पुष्कळ. उपचाराची सोय झाली, हे देवाचे उपकार. परंतु आप्तांची गैरसोय मात्र ह्या नगरीत विशेष आहे, आणि तिचे कारण येथल्या जीवनातच आहे. गावी एखादा आजारी पडला तर भावकी जमते. कोणी रात्री बसतो, कोणी डबा आणतो, कोणी गुरांकडे पाहतो. येथे एका खोलीच्या बिऱ्हाडात नवरा, बायको व मूल एवढेच. नवरा आजारी पडला तर दवाखाना, मूल, घरभाडे आणि गावाकडचे फोन हे सर्व एकट्या बायकोच्या माथी. बायको आजारी पडली तर नवऱ्याची पाळी बुडते, आणि कंत्राटी कामगाराची पाळी बुडली की त्या दिवसाची मजुरी बुडते. रुग्णालयात भेटीची वेळ सायंकाळची, आणि दुसऱ्या पाळीचा माणूस नेमका त्याच वेळी यंत्रापुढे उभा. मग तो रात्री बारा वाजता दारावर येऊन विनवणी करतो, आणि आपण त्याला बेशिस्त म्हणतो.

रुग्णालयात मराठी माणसे एकमेकांस कोणत्या नावांनी हाक मारतात, हे कधी तुमच्या मनात आले आहे काय? परिचारिकेला आपण सिस्टर म्हणतो, पुरुष असल्यास ब्रदर. झाडलोट करणारी, भांडे देणारी बाई ती मावशी. ढकलखुर्ची नेणारा तो मामा. बहीण, भाऊ, मावशी, मामा! ज्याची भावकी शंभर कोसांवर राहिली त्याला आपल्या भाषेने रुग्णालयाच्या दारातच नवी भावकी दिली आहे. हाक तर ठरलेली आहे. त्या हाकेला नात्याने ओ देणे एवढेच आपल्या हाती आहे.

ख्रिस्तसभेच्या इतिहासात ह्या नात्याची ओळख पटवून देणारा एक संत झाला, त्याचे नाव संत कामिल्लुस. १५५० साली इटलीत जन्मलेला हा मनुष्य तारुण्यात शिपाई होता, आणि जुगाराच्या नादाने सर्वस्व घालवून बसला होता. त्याच्या पायाला न भरणारी जखम होती, आणि तिच्या उपचारासाठी त्याला रोममधील एका रुग्णालयात वारंवार पडून राहावे लागले. भाडोत्री नोकर रोग्यांना कसे वागवतात हे त्याने खाटेवरून पाहिले. पुढे त्याने आजाऱ्यांच्या सेवेसाठी एक संघ उभारला, त्याला १५८६ साली पोप महोदयांची मान्यता मिळाली, आणि त्या संघाचे सेवक झग्यावर तांबडा क्रूस लावून रुग्णालयांत व साथीच्या गावांत जाऊ लागले. १९३० साली पोप अकरावे पायस ह्यांनी संत कामिल्लुस व संत जॉन ऑफ गॉड ह्यांना परिचारकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. लक्षात घ्या, संत कामिल्लुस हा आधी रुग्ण होता व मग शुश्रूषक झाला; आणि जखम आयुष्यभर वागवीतच त्याने इतरांच्या जखमा धुतल्या. करुणेला लॅटिन भाषेत जो शब्द आहे, त्याचा धात्वर्थच बरोबरीने सोसणे असा होतो.

२०२० साली कोरोनाची साथ आली तेव्हा हे बरोबरीने सोसणे आपण डोळ्यांनी पाहिले. पिंपरीत नेहरूनगरच्या मैदानावर तात्पुरते मोठे रुग्णालय उभे राहिले. आप्तांना आत जाण्याची मनाई. आम्हां धर्मगुरूंनाही बहुधा मनाईच. त्या काळात कित्येक परिचारिकांनी अंगभर कोंडणारा पोशाख घालून, हातमोज्यांत फोन धरून, मरणोन्मुख बापाचे तोंड त्याच्या लेकरांना दाखवले. शेवटचे शब्द ज्यांनी ऐकले त्या परक्या होत्या, आणि त्यांनी ते घरच्यांपर्यंत पोहोचवले. ऐकणे हीच शुश्रूषा, ह्याचा याहून मोठा पुरावा मी कोठून आणू?

रोग बरा होण्याची आशा संपल्यावरही शुश्रूषा संपत नाही, हेही आपण समजून घेतले पाहिजे. १९६७ साली लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स ह्या बाईंनी, ज्या आधी परिचारिका होत्या व मग डॉक्टर झाल्या, अशा रुग्णांसाठी संत क्रिस्तोफरच्या नावाने एक गृह स्थापिले. आपल्या देशात तशा प्रकारचे पहिले गृह म्हणजे वांद्रे येथील शांती आवेदना सदन; ते १९८६ साली सुरू झाले, आणि तेथे धर्मभगिनी कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेतील रुग्णांची सेवा करतात. पुण्याजवळ वारजे येथे सिप्ला संस्थेचे केंद्र १९९७ पासून आहे. तेथे रुग्णाबरोबर घरचे माणूस राहते, आणि घरी गेल्यावर काय करावे हे त्या माणसाला शिकवले जाते. वेदना कमी करणे, श्वास सुकर करणे आणि घरच्यांना सावरणे ही सर्व तेथे एकाच उपचाराची अंगे मानली जातात. आता काही करण्यासारखे उरले नाही, हे वाक्य आपण फार लवकर उच्चारतो. करण्यासारखे पुष्कळ उरलेले असते.

असो. आता व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगून मी आवरते घेतो.

परिचारिका भगिनींनो व बंधूंनो, तुम्हांला मी नवे ओझे देत नाही. तुमच्या एकेकीच्या वाट्याला किती खाटा येतात आणि रात्रपाळीत पाय कसे भरून येतात, हे मी पाहिले आहे. माझी मागणी फक्त चार गोष्टींची आहे, आणि त्यांतील कोणत्याही गोष्टीला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. रुग्णाला खाटेच्या आकड्याने हाक न मारता नावाने मारा. जे करणार आहा ते करण्याआधी सांगा. सुई टोचण्यापूर्वीचे एक वाक्य अर्धी भीती घालवते. घरी सेवा कोण करणार हे विचारून त्या एका माणसाला हाताशी धरा: अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत, नळीने अन्न देताना डोके उंच असावे, लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली असावी, हे त्याच्याकडून एकदा प्रत्यक्ष करवून घ्या. आणि मृत्यू झाल्यास ती वार्ता मार्गिकेत उभ्या उभ्या देऊ नका. आप्तांना बसवा, स्वतः बसा, आणि त्यांना आपल्या माणसाला हात लावू द्या.

रुग्णांच्या आप्तांनो, तुम्हांलाही माझे सांगणे आहे. काळजीने मनुष्य चिडतो हे खरे, पण राग नेहमी जवळच्यावर निघतो, आणि रुग्णालयात सर्वांत जवळ परिचारिकाच असते. ज्या निर्णयावर तिचा काही अधिकार नाही त्याबद्दल तिला शिव्या खाव्या लागतात. कधी हातही उगारला जातो. रुग्णसेवकांवर हात टाकणे हा आपल्या राज्यात २०१० च्या कायद्याने गंभीर गुन्हा ठरवलेला आहे. परंतु कायद्याच्या भयाने हात आवरणे आणि कृतज्ञतेने हात जोडणे ह्यांत अंतर आहे. घरातील एकाच शहाण्या माणसाने विचारपूस करावी, इतरांनी त्याच्याकडून ऐकावे. आणि घरी जाताना, मग रुग्ण बरा झालेला असो वा नसो, सिस्टरला, मावशींना, मामांना एक शब्द बोलून निघावे.

आणि धर्मग्रामातील सर्व मंडळींनो, शोमरोन्याने रखवालदाराच्या हाती नाणी दिली हे विसरू नका. उतारशाळेचा भार त्याने रखवालदारावर एकट्यावर टाकला नाही. अधिक लागेल ते मी देईन असे तो म्हणाला. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९९२ साली ११ फेब्रुवारी हा दिवस जागतिक रुग्णदिन म्हणून नेमला, आणि आपण दरवर्षी त्या दिवशी प्रार्थना करतो. परंतु वर्षात उरलेले तीनशे चौसष्ट दिवसही रुग्णालयांचे दरवाजे उघडेच असतात. म्हणून ह्या महोत्सवाची खूण म्हणून मी तुमच्याकडे घंटा मागत नाही, कमान मागत नाही. मला एक वही हवी आहे. तिच्यात आपण नावे लिहावीत: कोण आठवड्यातून एक रात्र रुग्णाजवळ बसेल म्हणजे त्याच्या पत्नीला चार तास झोप मिळेल, कोण एक डबा जास्त करील, कोणाकडे वाहन आहे, कोणाला बंगाली, ओडिया, हिंदी किंवा मल्याळी येते, कोण रात्रपाळीवर जाणाऱ्या परिचारिकेचे मूल सांभाळील. रुग्ण आपल्या धर्माचा आहे की नाही हे त्या वहीत विचारू नये. दाखल्यातही ते कोणी विचारले नाही.

वहीच्या पहिल्या ओळीत मी माझे नाव लिहिले आहे, मंगळवारच्या रात्रीसाठी. ते मोठेपणासाठी नव्हे. एका जिन्यावरून मी एकदा खाली उतरलो होतो, तो जिना मला पुन्हा चढावयाचा आहे.

त्या बाईचा खण आज सकाळी मिस्साच्या वेळी मी वेदीजवळ ठेवला होता. ज्या सिस्टरसाठी तो होता ती कोठे आहे, कोणत्या देवाला हात जोडते, मला ठाऊक नाही. परंतु उतारशाळेच्या रखवालदाराचे नाव जसे देवाला ठाऊक आहे, तसे तिचेही असेल. तो परमेश्वर येथे जमलेल्या सर्व रुग्णांना धीर देवो, त्यांच्या आप्तांना विसावा देवो, आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांच्या हातांना बळ व कानांना करुणा देवो. आमेन.